न आलेल्या फौजा



स्मृतिव्याख्यान हा प्रकार जे. आर. आर. टॉल्किन यांच्या चांगल्या परिचयाचा होता. त्यांची दोन सर्वांत गाजलेली भाषणे अशाच निमित्ताने झाली. २५ नोव्हेंबर १९३६ रोजी ब्रिटिश अकादमीत, सर इस्रायल गोलान्झ यांच्या स्मरणार्थ, ते 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यावर बोलले. ८ मार्च १९३९ रोजी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूज विद्यापीठात, अँड्र्यू लँग यांच्या स्मरणार्थ, ते परीकथांवर बोलले. पहिल्या भाषणात त्यांनी अभ्यासकांशी उघड वाद घातला. तुम्ही या काव्यात इतिहासाचे तुकडे हुडकत राहता आणि काव्याच्या मधोमध उभे असलेले राक्षस तुमच्या नजरेतून सुटतात, असा त्यांचा आक्षेप होता. आज मी मधोमध उभ्या असलेल्यांकडून कडेच्यांकडे जाणार आहे. टॉल्किन यांच्या सर्वांत मोठ्या युद्धकथेत जे शत्रू यायला हवे होते आणि आले नाहीत, ते माझ्या व्याख्यानाचा विषय आहेत.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४ आणि १९५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाले. ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथेचा सांगाडा थोडक्यात सांगतो. मोर्डोरचा अधिपती सॉरॉन याची सर्वसत्ताधारी अंगठी फ्रोडो नावाच्या एका हॉबिटच्या हाती येते. ती जिथे घडली त्याच अग्निपर्वतात टाकल्याशिवाय सॉरॉनचा अंत नाही. फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम तिकडे चोरवाटांनी निघतात. इकडे गोंडोर आणि रोहान ही माणसांची राज्ये सॉरॉनच्या सैन्याशी झुंजतात. सर्वांत मोठी लढाई गोंडोरच्या राजधानीसमोर, पेलेनॉरच्या मैदानावर होते.

'द हॉबिट' हे १९३७ सालचे आधीचे पुस्तक वाचून जो वाचक इथे येतो, त्याला एक प्रश्न छळू लागतो. त्या पुस्तकात धुक्याच्या डोंगररांगेत गॉब्लिनांचे थवेच्या थवे होते. त्यांच्याबरोबर वार्ग नावाचे लांडगे होते, उत्तरेत एक ड्रॅगन होता. पाऊणशे वर्षांनी महायुद्ध पेटते तेव्हा ही सगळी मंडळी कुठे आहेत? अंगठी घेऊन निघालेल्या चमूवर लांडग्यांचा एक हल्ला होतो, मोरियाच्या भुयारात ऑर्क, म्हणजे तेच गॉब्लिन, भेटतात आणि त्यांचा पाठलाग लोरिएनच्या वनापर्यंत येतो. पण डोंगरातून मोठी फौज उतरून पश्चिमेकडच्या उघड्या मुलखावर चालून येत नाही. तिथे राखणीला होतेच कोण? रेंजर नावाचे थोडेसे रानपहारेकरी होते. त्यांच्यातले तीस जण हाल्बाराड नावाच्या नायकाबरोबर ऐन युद्धात दक्षिणेला निघून गेले. सॉरॉनला उत्तरेचा सारा प्रदेश उघडा दिसत असताना त्याने तिकडे हात का घातला नाही?

लेखक विसरला, असे उत्तर सहज देता येते. मला ते पटत नाही. १९४४ साली टॉल्किन यांचा मुलगा ख्रिस्तोफर हवाईदलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. वडील त्याला हस्तलिखिताची प्रकरणे पाठवत, अडचणी कळवत. त्यातली एक अडचण चंद्राची होती. एकाच रात्री वेगवेगळ्या ठिकाणी असलेल्या पात्रांना चंद्र एकसारखा दिसायला हवा, तो जुळत नव्हता, म्हणून त्यांनी लिहिलेला भाग पुन्हा तपासायला घेतला. चंद्राच्या कलांसाठी मागे फिरणारा लेखक एक अख्खी फौज विसरून जाईल, हे मी मानायला तयार नाही.

आणि खरोखर ते विसरले नव्हते. तिसऱ्या खंडाच्या शेवटी परिशिष्टे आहेत. कथा संपली की बहुतेक वाचक पुस्तक मिटतात आणि परिशिष्टे तशीच राहतात. त्यात एक कालपट आहे, तो तारखांनी भरलेला आहे. तिसऱ्या युगाच्या ३०१९ व्या वर्षी ११ मार्चला मर्कवुडमधल्या डोल गुल्दूर या सॉरॉनच्या गडावरून आलेल्या फौजेचा लोरिएनवर पहिला हल्ला झाला. १५ मार्चला, म्हणजे पेलेनॉरच्या लढाईच्याच दिवशी, दुसरा. त्याच दिवशी मर्कवुडच्या झाडांखाली राजा थ्रांडुइलच्या एल्फांनी डोल गुल्दूरची दुसरी फौज परतवली. १७ मार्चला डेलची लढाई झाली. २२ मार्चला लोरिएनवर तिसरा हल्ला झाला. सॉरॉनने उत्तरेत हात घातला होता, आणि पुन्हा पुन्हा घातला होता. आपण त्या वेळी सॅमबरोबर मोर्डोरच्या खडकांत सरपटत होतो, म्हणून ते आपल्याला दिसले नाही.

डेलपाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण या प्रश्नाचे उत्तर तिथे सर्वांत ठळकपणे मिळते. डेल हे एरेबोर पर्वताच्या पायथ्याचे माणसांचे नगर. पर्वताच्या आत ड्वार्फांचे राज्य. पूर्वेकडच्या ईस्टरलिंग लोकांची फौज बराच काळ डेलच्या सीमेवर टपून होती. तिने कार्नेन नदी ओलांडली, राजा ब्रँडला मागे रेटत नगरापर्यंत आणले आणि पर्वताच्या पायथ्याशी तीन दिवस लढाई चालली. ब्रँड पडला. ड्वार्फांचा राजा डाइन तेव्हा अडीचशे वर्षांचा होता. एरेबोरच्या महाद्वारासमोर तो ब्रँडच्या प्रेतापाशी पाय रोवून उभा राहिला आणि अंधार पडेपर्यंत लढत तिथेच पडला. उरलेली माणसे आणि ड्वार्फ पर्वतात शिरले आणि त्यांना वेढा पडला. दक्षिणेतला विजय कळल्यावर वेढा घालणाऱ्यांचा धीर सुटला, आतले बाहेर पडले, शत्रूचे उरलेसुरले लोक पूर्वेकडे पळाले. मूळ पुस्तकात या सगळ्याला मोजक्या ओळी मिळाल्या आहेत.

पण याचे बीज पहिल्याच खंडात पेरलेले आहे. रिव्हेंडेलच्या सभेत ग्लोइन नावाचा वयोवृद्ध ड्वार्फ सांगतो की मोर्डोरचा दूत रात्रीच्या वेळी डाइनच्या दाराशी आला होता. सॉरॉनची मैत्री देऊ केली, जुन्या अंगठ्या परत करण्याचे आमिष दाखवले आणि बदल्यात एका हॉबिटचा ठावठिकाणा मागितला. डाइनने होकार दिला नाही, वेळ काढला. दूत पुन्हा आला, तिसऱ्यांदाही येणार होता. पहिल्या वाचनात हा प्रसंग केवळ वातावरणनिर्मितीसाठी आहे असे वाटते. डेलची तारीख वाचल्यानंतर कळते की त्या रात्री दारात उभ्या असलेल्या राजाने मागितलेली खबर दिली असती, तर फ्रोडोचा प्रवास सुरूच झाला नसता. शिवाय डेल आणि एरेबोर शत्रूच्या बाजूला गेले असते, तर हीच फौज सरळ पश्चिमेकडे वळली असती.

माझे म्हणणे एवढेच आहे: जो शत्रू रणांगणावर आला नाही, त्याला बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या ठिकाणी अडवलेले असते, आणि अडवणाऱ्याचे नाव कथेत येतेच असे नाही.

जादूगार गॅन्डाल्फला हे ठाऊक होते. परिशिष्टातच त्याचे एक बोलणे आहे. युद्ध संपल्यावर, मिनास टिरिथमध्ये, तो सोबत्यांना सांगतो की पेलेनॉरची आठवण काढताना डेलच्या लढाया आणि ड्वार्फांचे शौर्य विसरू नका. 'द हॉबिट'मधली ड्रॅगनची मोहीम आपण का घडवून आणली, तेही तो इथेच उलगडतो. सॉरॉन उत्तरेत ड्रॅगनचा वापर करील, अशी धास्ती त्याला होती. ड्रॅगन मेला आणि मागोमाग पाच सैन्यांची लढाई झाली, तिसऱ्या युगाच्या २९४१ साली. तीत उत्तरेच्या गॉब्लिन योद्ध्यांपैकी चारातले तीन कापले गेले, अशी गाण्यांतली कथा 'द हॉबिट' नोंदवते. म्हणजे डोंगरातली फौज महायुद्धात का दिसली नाही, याचे बरेचसे उत्तर बालवाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांत आहे. ती ७८ वर्षांपूर्वीच मोडली होती. मोडणाऱ्यांपैकी एकालाही ३०१९ सालचे काही ठाऊक नव्हते.

आता दक्षिणेकडे या. पेलेनॉरच्या आदल्या दिवसांत मिनास टिरिथच्या दारात दक्षिणेच्या परगण्यांतून कुमक येते, लोक दुतर्फा उभे राहून मोजत राहतात. लॉसार्नाकचा म्हातारा, स्थूल फॉरलाँग दोनशे माणसे घेऊन येतो. लोकांना दहापट अपेक्षा होती. मॉर्थोंडच्या खोऱ्यातून पाचशे धनुर्धारी येतात, कोळ्यांच्या किनाऱ्यावरून शंभरेक माणसे, राजपुत्र इम्राहिलबरोबर त्याचे स्वार आणि सातशे पायदळ. सगळे मिळून तीन हजारांच्या आत. उरलेले का आले नाहीत? कारण उंबारच्या चाच्यांचा ताफा समुद्रावरून येत असल्याची वार्ता होती आणि आपापले किनारे उघडे टाकून कुणाला निघता येत नव्हते. उंबारच्या त्या माणसांनी पेलेनॉरवर एक बाणही सोडला नाही. पण बंदरांच्या दिशेने नुसती शिडे उभारून त्यांनी गोंडोरचे हजारो सैनिक घरी बसवले होते. छोट्या फौजेची ताकद ती किती माणसे मारते यावर क्वचितच ठरते. तिच्यामुळे किती माणसे जागची हलू शकत नाहीत, हे मोजावे लागते.

त्या ताफ्यातले लोक मैदानावर आले नाहीत, कारण गोंडोरच्या गादीचा वारस अॅरागॉर्न मृतांच्या वाटेने जाऊन पेलार्गिर बंदरात पोचला आणि जहाजे ताब्यात घेतली. पेलार्गिरची ही हकिगत घडत असताना टॉल्किन आपल्याला तिथे नेत नाहीत. लढाई संपल्यावर अॅरागॉर्नचे सोबती लेगोलास आणि गिम्ली ती दोन हॉबिट मित्रांना सांगतात, तेव्हा आपल्याला कळते. मैदानावर काळी शिडे दिसतात तेव्हा गोंडोरच्या सैनिकांइतकेच आपणही हादरतो, कारण आपल्यालाही तेवढेच माहीत असते.

या पद्धतीचे कारण कथेच्या चौकटीत आहे. हे पुस्तक हॉबिटांनी लिहून ठेवलेल्या एका जुन्या बाडावरून घेतले आहे, अशी टॉल्किन यांची मांडणी आहे. हॉबिटांनी जे पाहिले ते सविस्तर आहे, जे ऐकले ते थोडक्यात आहे, आणि जे त्यांच्या कानावरही आले नाही ते नाही. मला या चौकटीमागे पहिल्या महायुद्धातली, १९१६ सालची सोमची लढाई दिसते. टॉल्किन लँकेशायर फ्युझिलिअर्सच्या ११ व्या बटालियनमध्ये संदेशवहन अधिकारी होते. खंदकज्वराने आजारी पडून नोव्हेंबरात इंग्लंडला परतेपर्यंत ते त्या लढाईत होते. निरोप्याच्या हातून युद्ध तुकड्यातुकड्याने जाते. कुठली तुकडी पोचली, कुठली पोचली नाही, तारा तुटल्या की पलीकडे काय झाले, हे त्याला सर्वांत आधी कळायला हवे आणि बहुतेकदा सर्वांत शेवटी कळते. शेजारच्या खंदकात कोण मेले हे ज्याला दुसऱ्या दिवशी कळत होते, त्याने लिहिलेल्या युद्धात कुठलेच पात्र सगळे रणांगण एकदम पाहत नाही, यात मला नवल वाटत नाही.

आपण ज्या युद्धकथेवर वाढलो तिने गैरहजेरीचा हिशेब वेगळ्या रीतीने ठेवला आहे. उद्योगपर्वात विदर्भाचा रुक्मी अक्षौहिणी सेना घेऊन येतो, घाबरला असशील तर मदत करतो असे अर्जुनाला म्हणतो, नकार मिळतो, दुर्योधनाकडे जातो, तिथूनही नकार घेऊन परततो. बलराम तीर्थयात्रेला निघून जातो. कुरुक्षेत्रावर कोण आले नाही आणि का आले नाही, हे व्यासांच्या परंपरेने नाव घेऊन सांगितले. तिथे संजयाला दिव्यदृष्टी आहे, टॉल्किन यांच्या बाडात ती कुणालाच नाही. म्हणून मराठी वाचकाला ही पोकळी अधिक खुपते असे मला वाटते. आपल्याला हजेरीपट पुरा लागतो.

सगळ्या जागा परिशिष्टांनी भरल्या असेही नाही. १० मार्चला मोर्डोरच्या उत्तर दरवाज्यातून निघालेल्या एका फौजेने कायर आन्द्रोस हे बेट घेतले आणि ती आनोरिएनमध्ये शिरली. रोहानच्या घोडदळाची वाट तिनेच अडवली होती. घान-बुरी-घान या वनवासी नायकाने जुन्या विसरलेल्या दगडगाडीच्या रस्त्याने घोडदळ वळवून नेले, म्हणून ते पेलेनॉरवर वेळेत पोचले. पुढे त्या फौजेच्या समाचारासाठी एल्फहेल्मला तीन हजार स्वार देऊन मागे ठेवले जाते. लक्षात घ्या, अॅरागॉर्न मोर्डोरच्या त्याच काळ्या दरवाज्याकडे निघतो तेव्हा त्याच्याजवळ सगळे मिळून सात हजार आहेत. त्या सात हजारांच्या तुलनेत तीन हजार मागे ठेवावेत इतकी ती फौज मोठी होती. त्यानंतर तिची लढाई आपल्याला दाखवली जात नाही. इथे मात्र मी टॉल्किन यांची बाजू घेणार नाही. कायर आन्द्रोस परत मिळवायला भेदरलेल्या तरुणांना पाठवण्याचा प्रसंग त्यांनी किती करुणेने लिहिला आहे, आणि एल्फहेल्मच्या तीन हजारांना एक परिच्छेदही दिला नाही.

दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किन यांनी आपल्या पुस्तकातला एक दोष मान्य केला आहे: ते फार छोटे झाले. एवढ्या मोठ्या ग्रंथाविषयी हे वाचून लोक हसतात. मी ते विधान शब्दशः घेतो.

आयुष्याच्या अखेरीस ते या प्रश्नाकडे परत वळले, आणि तो भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. गॅन्डाल्फ धरून पाच जादूगार मध्यपृथ्वीवर पाठवले गेले होते. त्यांतले दोन, निळ्या झग्यातले, पूर्वेला गेले आणि कथेतून नाहीसे झाले. १९५८ साली एका पत्रात टॉल्किन यांनी ते बहुधा आपल्या कामात हरले असावेत असे लिहिले. पण अखेरच्या वर्षांतल्या टिपणांत, जी ख्रिस्तोफर यांनी १९९६ साली प्रसिद्ध केली, मत पालटलेले दिसते. त्या दोघांनी पूर्वेत सॉरॉनविरुद्ध बंडे पेटवली असणार, त्याच्या फौजांत फाटाफूट घडवली असणार. नाहीतर पूर्वेचे सैन्य संख्येने पश्चिमेला भारी पडले असते, असे ते लिहितात. पेलेनॉरवर ईस्टरलिंग आणखी का आले नाहीत, याचे उत्तर ऐंशीच्या घरातला लेखक शोधत होता. आणि त्याने ते दोन निळ्या जादूगारांच्या नावे लिहिले.

इथे माझी एक तक्रार आहे. पूर्वेतल्या बंडाची कल्पना त्यांना सुचली तेव्हाही ते बंड पेटवायला पश्चिमेकडून पाठवलेले दोन जादूगारच लागले. पूर्वेच्या रूनमधल्या एखाद्या गावाने स्वतःहून मोर्डोरला सैनिक द्यायचे नाकारले असेल, दक्षिणेच्या हारादमधल्या एखाद्या आईने मुलगा लपवला असेल, हे मनात का येऊ नये? शत्रूच्या छोट्या तुकड्या कथेत जवळजवळ निनावी राहतात. खांदचे वारियाग पेलेनॉरच्या वर्णनात चटकन येतात आणि जातात. लढाईच्या मध्यावर मोर्गुलचा सेनापती गॉथमॉग सूत्रे हाती घेतो, त्याचे नाव एकदाच येते. तो माणूस होता की ऑर्क, जगला की मेला, काही कळत नाही. अतिदक्षिणेतल्या काळ्या माणसांची तुलना ट्रोलांशी होते, आणि ती ओळ मला प्रत्येक वेळी बोचते. ज्या लेखकाला न आलेल्या फौजेची एवढी काळजी होती, त्याने आलेल्या माणसांना चेहरा द्यायला हात आखडता घेतला.

एकदा दिला, हे खरे. इथिलिएनच्या रानात हारादच्या पथकावर छापा पडतो आणि एक तरुण सैनिक सॅमच्या पुढ्यात येऊन कोसळतो. सॅमच्या मनात येते, याचे नाव काय असेल, हा कुठून आला असेल, मनाने खरेच वाईट असेल की खोट्या गोष्टींनी वा धमक्यांनी त्याला इतक्या लांब आणले असेल, घरीच राहायला त्याला आवडले नसते का. पीटर जॅक्सन यांच्या २००२ सालच्या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत हे विचार गोंडोरचा सेनापती फॅरामिर याच्या तोंडी घातले आहेत. ते तिथे परिणामकारक आहेत, पण माळीकाम करणाऱ्या सॅमला ते सुचावेत याला अर्थ होता. सेनापतीला शत्रू माहीत असतो. सॅमने तोवर माणसांमाणसांतली लढाई पाहिलीच नव्हती, म्हणून त्याला फक्त मेलेला मुलगा दिसला. थोडे पुढे, मोर्डोरच्या सीमेवर, शाग्रात आणि गोर्बाग हे दोन ऑर्क बोलताना ऐकू येतात. युद्ध संपले तर चार विश्वासू पोरे घेऊन कुठेतरी सटकावे, जिथे वर कुणी मोठा साहेब नसेल, असे त्यांचे स्वप्न आहे. लूट मिळाली पाहिजे ही अट आहेच, ते सज्जन नव्हेत. पण सॉरॉनच्या सैन्यातसुद्धा रणांगणापासून लांब राहण्याची इच्छा होती, हे टॉल्किन यांनी आपल्याला ऐकू दिले. फौजा का आल्या नाहीत याचे हे आणखी एक उत्तर आहे, आणि त्यांनी ते एका संभाषणापुरतेच ठेवले.

शेवटच्या पानांत अॅरागॉर्न राजा होतो आणि शरण आलेल्या ईस्टरलिंगांना मुक्त करून पाठवतो. हारादशी तह करतो. मोर्डोरच्या गुलामांना नुर्नेन सरोवराभोवतालची जमीन देतो. रोहानमधल्या हेल्म्स डीपच्या लढाईनंतर डनलंडच्या कैद्यांनाही असेच सोडले होते. रोहानचे लोक कैद्यांना जिवंत जाळतात असे त्यांना फितूर जादूगार सारुमानने सांगितले होते, त्यामुळे ते चकितच झाले. इथवर सारे नीट मिटले असे वाटते. पण पहिल्या परिशिष्टात रोहानच्या इतिहासाचा भाग आहे, तो वाचावा. सॉरॉन गेला तरी त्याने पेरलेले वैर संपले नाही, आणि अॅरागॉर्न जिथे जिथे लढायला गेला तिथे राजा एओमेर त्याच्याबरोबर गेला. रूनच्या समुद्रापलीकडे आणि दक्षिणेच्या दूरच्या मैदानांवर रोहानच्या घोडदळाच्या टापा वाजल्या. म्हणजे पेलेनॉरवर जे आले नव्हते, त्यांच्यापर्यंत पुढे पेलेनॉरच गेले. त्या मोहिमांची एकही तारीख कालपटात नाही, एकाही लढाईचे नाव नाही, आणि त्या बाजूच्या कुणाचेही बाड आपल्या हाती आलेले नाही.